उन्हावरचा थंडावा : घरच्या सौरविजेवर फ्रिज चालेल का?

सदर : घर आणि आरोग्य

वाचकहो, गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा डोकावतो आहे. गिरगावातील एका ज्येष्ठ वाचकांनी तो नेमकेपणाने मांडला आहे. ते लिहितात : ‘‘आम्ही दोघेच राहतो. पत्नीला दिवसातून दोनदा इन्शुलिन घ्यावे लागते. फ्रिजमध्ये दोन महिन्यांचा साठा असतो. वीज गेली की माझे लक्ष पंख्याकडे जात नाही, फ्रिजकडे जाते. गच्चीवर एक सौरपट्टी बसवून निदान फ्रिज तरी स्वतःच्या विजेवर चालवता येईल का? त्यासाठी एक मुदत ठेव मोडण्याची माझी तयारी आहे.’’

ठेव मोडण्यापूर्वी त्यांनी विचारले, हे फार चांगले झाले. या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु त्या ‘होय’मागे काही हिशेब आहेत, आणि ते समजून घेतल्यावर पुष्कळांना कमी खर्चाचा मार्गही सापडेल. म्हणून आज थोडे विस्ताराने.

वीज जात नाही, म्हणूनच तयारी नसते

महाराष्ट्राच्या इतर भागांच्या तुलनेत मुंबई शहर विजेच्या बाबतीत भाग्यवान आहे. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून येथील गिरण्यांना वीज मिळू लागली. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या घरांना ‘बेस्ट’ची वीज मिळते, आणि भारनियमन हा शब्द गिरगाव-दादरच्या माणसाने प्रायः वर्तमानपत्रातच वाचलेला असतो. बाहेरचे जाळे कोसळले तर मुंबईला त्यापासून अलग करून शहराची वीज चालू ठेवण्याची व्यवस्थाही १९८१ पासून आहे.

तरीही १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास सारे महानगर अंधारले. लोकल गाड्या रुळांवर थांबल्या, आणि करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयांना जनित्रांवर विसंबावे लागले. शहरात वीज टप्प्याटप्प्याने परतली. काही उपनगरांना कित्येक तास वाट पाहावी लागली. पुढे २७ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी सकाळी दादर, परळ, माटुंगा, भायखळ्यापासून चर्चगेटपर्यंतच्या भागांत तासाभराहून अधिक काळ वीज नव्हती. त्याखेरीज पावसाळ्यात रस्त्याखालील केबल बिघडणे, जुन्या चाळीतील मीटरची पेटी जळणे, दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवणे हे स्थानिक प्रसंग असतातच. अशा वेळी सारे शहर उजळलेले असते आणि आपलीच इमारत काळोखात असते. दोन तासांची खोळंबलेली वीज तरुण घराला नकोशी वाटते इतकेच. मात्र ज्या घरात एक माणूस सुईवर आणि दुसरे त्या माणसाच्या देखभालीवर आहे, तिथे त्या दोन तासांचे सहा होणार का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

परळचा विचार केला तर हा प्रश्न अधिकच गहिरा होतो. १९२६ पासूनचे केईएम आणि १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय यांच्या आसपासच्या गल्ल्यांत, भाड्याच्या खोल्यांत आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी गावोगावचे रुग्ण आपल्या नातलगांसह राहतात. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी दिली जाणारी इंजेक्शने त्यांच्यापैकी अनेकांना थंड ठेवावी लागतात. शेजारच्या फ्रिजमध्ये एक डबी ठेवू देता का, अशी विनंती परळच्या कितीतरी घरांनी ऐकली असेल आणि मानलीही असेल.

काय थंड राहिले पाहिजे, आणि किती?

फ्रिजची चिंता करताना आपण दूध, भाजी, वरण, औषध या सर्वांची एकच मोट बांधतो. ती आधी सोडवली पाहिजे.

न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असते. वापरात असलेली कुपी किंवा पेन मात्र बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते. अट एवढीच की ते तापमान २५ ते ३० अंशांच्या वर जाऊ नये. नेमकी मर्यादा प्रकारानुसार बदलते, म्हणून सोबतच्या पत्रकावर लिहिलेलेच प्रमाण मानावे. याचा अर्थ असा की चार-सहा तास वीज गेल्याने बंद फ्रिजमधील इन्शुलिन वाया जात नाही. घाबरून ते बर्फाच्या कप्प्यात सरकवणे हाच खरा घात. एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा वितळले तरी निकामी समजून टाकून द्यावे लागते.

इन्शुलिनची पंचाईत अशी, की बिघाड बहुधा डोळ्यांना दिसत नाही. पोलिओच्या लसीच्या कुपीवर उष्णतेने रंग बदलणारी छोटी खूण असते. ती पाहून आरोग्यसेविका कुपी वापरायची की नाही ते ठरवते. इन्शुलिनच्या कुपीवर तशी खूण नसते. जे इन्शुलिन मुळात पाण्यासारखे स्वच्छ असते, ते गढूळ दिसले किंवा त्यात कण आढळले तर टाकावे. पण स्वच्छ दिसणारेही दुर्बळ झालेले असू शकते. खाणेपिणे, मात्रा, वेळ सारे तेच असताना साखर वाढू लागली, तर कुपीवरही संशय घ्यावा आणि डॉक्टरांना तसे सांगावे.

हाडांच्या ठिसूळपणासाठी रोज टोचायची काही इंजेक्शने, काचबिंदूचे काही न उघडलेले थेंब, वर उल्लेखिलेली केमोथेरपीनंतरची इंजेक्शने ही सर्व याच २ ते ८ अंशांच्या वर्गातील. प्रत्येकाची बाहेर राहण्याची मुदत निराळी असते. घरातील अशा औषधांची यादी करून, ‘बाहेर किती वेळ चालते’ हे औषधविक्रेत्याकडून एकदाच विचारून घ्यावे आणि फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावे. हा कागद कोणत्याही यंत्राइतका उपयोगी आहे.

अन्नाचे गणित वेगळे. बंद दाराच्या फ्रिजमध्ये अन्न साधारण चार तास सुरक्षित राहते. त्यानंतर दूध, शिजवलेला भात, वरण, मासे, अंडी आणि नारळ घातलेले पदार्थ यांच्याबाबत धोका पत्करू नये. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा आवडता पल्ला, आणि मुंबईची खोली बारा महिने याच पल्ल्यात असते. भाताबाबत विशेष सावध असावे. त्यात वाढणारे काही जंतू असे विष तयार करतात, की भात पुन्हा उकळल्यानेही ते नाहीसे होत नाही. वृद्धांना जुलाब-उलट्यांनी येणारा अशक्तपणा तरुणांसारखा दोन दिवसांत ओसरत नाही. तेव्हा वाटीभर भाताचा मोह नको.

फ्रिजची भूक किती?

आता सौरविजेकडे वळू. १८० ते २०० लिटरचा, एका दाराचा साधा फ्रिज कागदावर दिवसाला अर्धा युनिट वीज घेतो. वर्षभराचा आकडा दारावरील ताऱ्यांच्या पट्टीवर छापलेला असतो. त्याला ३६५ ने भागले की रोजची भूक कळते. पण ऑक्टोबरची उष्णता, दार वारंवार उघडणे, गॅसच्या शेगडीला लागून असलेली जागा हे सारे धरून मुंबईच्या स्वयंपाकघरात ०.८ युनिट धरणे शहाणपणाचे.

फ्रिज सतत चालत नाही. त्यातील कॉम्प्रेसर सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. चालू असताना तो शंभर-सव्वाशे वॅट घेतो, परंतु सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट ओढतो. म्हणूनच ‘फ्रिज तर शंभर वॅटचा, मग दोनशे वॅटचा इन्व्हर्टर पुरे’ हा हिशेब फसतो. जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरसाठी हजार वॅटच्या आसपासचा, शुद्ध साइन वेव्ह देणारा इन्व्हर्टर लागतो. चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर घेतल्यास कॉम्प्रेसर घुमतो, तापतो आणि अकाली जातो. अलीकडच्या इन्व्हर्टर-कॉम्प्रेसरच्या फ्रिजची सुरुवात मात्र सौम्य असते. दहा-पंधरा वर्षांचा फ्रिज असेल, तर सौरपट्टीआधी फ्रिजच बदलणे अनेकदा अधिक फायद्याचे ठरते.

आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचित सांगतात. इन्व्हर्टर स्वतःही वीज पितो. काहीही चालू नसताना त्याचे दहा-पंधरा वॅट चालू असतात. चोवीस तासांत ते ०.३ युनिटच्या आसपास जातात. फ्रिजचे ०.८ आणि इन्व्हर्टरचे ०.३ मिळून १.१ युनिट. बॅटरीत साठवताना आणि बाहेर काढताना होणारी घट धरली, तर सौरपट्टीकडून रोज सुमारे दीड युनिट मिळाले पाहिजे.

मुंबईत स्वच्छ उन्हाच्या दिवसांत एक किलोवॅटच्या पट्ट्या रोज चार युनिटच्या आसपास वीज देतात. दीड युनिटसाठी म्हणजे पावणेचारशे वॅट पुरतील. जुलै-ऑगस्टच्या झाकोळलेल्या दिवसांत मात्र हेच उत्पादन निम्म्यावर येते, आणि तेव्हा साडेसातशे वॅट लागतील. हल्ली बाजारात मिळणारी ५४०-५५० वॅटची एक मोठी पट्टी आठ महिने फ्रिजला सांभाळील, पावसाळ्यात तिला ‘बेस्ट’चा हात लागेल, असा हा साधा निष्कर्ष. ही पट्टी सुमारे अडीच चौरस मीटर जागा घेते आणि पंचवीस-तीस किलो भरते.

रात्रीसाठी बॅटरी हवी. १२ व्होल्ट, १५० अँपियर-तासांच्या नेहमीच्या ट्यूब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात. पण तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्म्याहून अधिक उपसू नये. उरलेल्या ०.९ युनिटवर आपला छोटा फ्रिज इन्व्हर्टरसकट पंधरा-सोळा तास चालतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपियर-तासांची बॅटरी आकाराने लहान, वजनाने हलकी, पण अधिक खोलवर वापरता येण्याजोगी. ती वीसेक तास नेते. किंमत अर्थातच जास्त.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे

इमारतीच्या गच्चीवर सौरपट्ट्या आहेत, म्हणजे वीज गेली तरी आपले घर चालू राहील, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. ‘बेस्ट’च्या जाळ्याशी जोडलेली, बॅटरी नसलेली सौरयंत्रणा पुरवठा खंडित होताच भर उन्हातही आपोआप बंद पडते. हे हेतुपुरस्सर केलेले असते. अन्यथा रस्त्यावर केबल दुरुस्त करणाऱ्या कामगाराच्या हाती आपल्या गच्चीवरील वीज उलटी पोहोचेल आणि त्याचा जीव जाईल. अशी यंत्रणा बिल कमी करते, अंधारात साथ देत नाही. साथ हवी असेल तर बॅटरीसह चालणारी संकरित यंत्रणा किंवा जाळ्यापासून पूर्ण वेगळी छोटी यंत्रणा लागते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजने’त घरासाठी पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा अधिकसाठी एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे; गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सोयींसाठी ते किलोवॅटला १८,००० रुपये आहे. परंतु हे अनुदान जाळ्याशी जोडलेल्या यंत्रणेसाठी आहे. केवळ फ्रिजपुरती एक पट्टी आणि बॅटरी बसवणाऱ्याने ते गृहीत धरू नये.

गच्ची कोणाची?

गिरगाव, लालबाग, परळच्या बाबतीत तंत्राहून अवघड प्रश्न जागेचा आहे. चाळीतील खोलीला स्वतःचे छप्पर नसते. पागडीच्या इमारतीत गच्ची मालकाची, सहकारी संस्थेत ती सर्वांची. वैशाखात कुरडया-पापड वाळवायला कोणी कोणाची परवानगी घेतली नाही. परंतु पंचवीस-तीस किलोची पट्टी, तिचा लोखंडी सांगाडा आणि तीन-चार मजले खाली येणारी केबल यांसाठी लेखी संमती हवीच. उपकरप्राप्त जुन्या इमारतीत गच्चीचा स्लॅब आणि गळती आधी जाणकाराला दाखवावी. जुन्या स्लॅबला भोके पाडून सांगाडा ठोकल्यास पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याशी संबंध बिघडतात.

दुसरी अडचण सावलीची. गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे आता लालबाग-परळच्या चाळींचे ऊन दुपारपर्यंत अडवतात. पट्टीतील पेशी साखळीने जोडलेल्या असतात. एका कोपऱ्यावर टाकीची सावली पडली तरी नुकसान त्या कोपऱ्यापुरते राहत नाही, सगळ्या पट्टीचे उत्पादन खाली येते. म्हणून खर्चाआधी एखाद्या रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवरील नियोजित जागा कोणाकडून तरी पाहून घ्यावी, शक्य तर हिवाळ्यात, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांबतात. तोंड दक्षिणेकडे आणि कल मुंबईच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे १९ अंश, असावा. बांधकामांची धूळ आणि कबुतरांची विष्ठा दर पंधरवड्याला साध्या पाण्याने पुसावी लागते. हे काम ज्येष्ठांनी स्वतः करू नये. शिडीवरून पडून मोडलेले खुब्याचे हाड कोणत्याही विजेहून महाग पडते.

बॅटरीचीही जागा लागते. ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. तिच्यात आम्ल असते आणि चार्ज होताना ती हायड्रोजन वायू सोडते. दहा बाय बाराच्या खोलीत, पलंगाखाली, देवघरातील समईशेजारी किंवा गॅसच्या शेगडीजवळ ती ठेवणे धोक्याचे आहे. ज्या घरात दम्याचा किंवा फुप्फुसाच्या विकाराचा रुग्ण आहे, तिथे तर नकोच. हवेशीर सज्जा असेल तरच ती ठेवावी. नाहीतर सीलबंद लिथियम बॅटरीचा विचार करावा. बॅटरीत पाणी भरण्याचे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

मुदत ठेव मोडावी का?

पट्टी, सांगाडा, चार्ज नियंत्रक, इन्व्हर्टर, बॅटरी आणि मजुरी मिळून अशा छोट्या यंत्रणेला साधारण चाळीस ते साठ हजार रुपये लागू शकतात. फ्रिजची वर्षाची वीज सुमारे २९० युनिट. युनिटला सात रुपये धरले तरी बचत दोन हजारांच्या आसपास. आणि ट्यूब्युलर बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते. तेव्हा बिल वाचेल म्हणून हा खर्च करू नये. तो निश्चिंतीसाठीचा खर्च आहे, आणि निश्चिंती कमी पैशांतही मिळते.

मुंबई शहरातील बहुतेक घरांसाठी माझा सल्ला असा : ज्यांना थंड औषधे लागतात, त्यांनी आधी सौरपट्टीविना, ‘बेस्ट’च्या विजेवर चार्ज होणारा चांगला इन्व्हर्टर आणि एक बॅटरी घ्यावी. ती फ्रिजला पंधरा तास नेते, आणि या शहरातील बहुतेक खंडित पुरवठा तेवढ्यात परत येतो. पुढे गच्ची, ऊन आणि शेजाऱ्यांची संमती जुळून आली तर सौरपट्टी जोडता येईल असा इन्व्हर्टर सुरुवातीलाच निवडावा. गच्ची मोठी असेल तर एकट्याने पट्टी बसवण्यापेक्षा संस्थेने मिळून संकरित यंत्रणा बसवावी. त्यावर जिना, पाण्याचा पंप आणि तळमजल्यावर औषधांसाठी एक सामायिक छोटा फ्रिज चालवावा. चाळीत एकाच्या घरी टेलिफोन होता आणि साऱ्या मजल्याचे निरोप तिथे येत, तो काळ वाचकांना आठवत असेल. थंड औषधांबाबत तीच रीत पुन्हा आणता येईल. सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या गावी जाऊन-येऊन राहणाऱ्यांचे मात्र निराळे. तिथे छप्पर आपले, ऊन मोकळे आणि वादळवाऱ्यात वीज दिवसेंदिवस जाते. तिथे सौर फ्रिजचा खर्च खरोखर सार्थकी लागतो.

एक इशारा देखभाल करणाऱ्यांसाठी. फ्रिजसाठी मोजून घेतलेल्या यंत्रणेवर प्राणवायू देणारे यंत्र जोडू नये. पाच लिटरचे असे यंत्र तीनशे वॅटच्या आसपास आणि तेही सतत घेते. दिवसाला सात युनिटपर्यंत. ते दोन-तीन तासांत बॅटरी संपवील आणि फ्रिजही बंद पडेल. प्राणवायूवरील रुग्णासाठी भरलेला सिलिंडर हाताशी हवा आणि त्याची व्यवस्था डॉक्टरांशी बोलून स्वतंत्रपणे करावी.

फ्रिज हीच बॅटरी

लसीकरण केंद्रांकडून एक युक्ती शिकण्याजोगी आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून असलेली आणि १९२५ पासून हाफकिन यांचे नाव धारण करणारी संस्था लसींसाठी देशभर ओळखली जाते. पण कुठलीही लस खेड्यातील बाळापर्यंत उपयुक्त स्थितीत पोहोचते ती थंडाव्याच्या साखळीमुळे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत बर्फाचे अस्तर असलेले शीतकपाट असते. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी ते लसी थंड ठेवते. वीज जिथे मुळीच भरवशाची नाही, तिथे थेट सौरपट्टीवर चालणारी शीतकपाटे वापरतात. त्यांत वीज साठवणारी बॅटरी नसते. दिवसा उन्हावर बर्फ होतो आणि रात्री तो बर्फ थंडावा देतो.

हे तत्त्व घरीही लागू पडते. फ्रीजरच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या तीन-चतुर्थांश भरून गोठवून ठेवाव्यात. वीज गेली की त्यांतील दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. भरलेला फ्रिज रिकाम्या फ्रिजहून अधिक वेळ थंड राहतो. या युक्तीला खर्च नाही, परवानगी नाही, सावलीची भीती नाही.

माठाबद्दलही पत्रे आली आहेत. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत माठाच्या भिंतीतून पाणी झपाट्याने उडते आणि आत चांगला गारवा राहतो. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तो गारवा थोडाच असतो. वापरात असलेला पेन सुक्या स्टीलच्या डब्यात घालून ओल्या माठात ठेवल्यास तापमान काही अंशांनी उतरते, आणि काही तासांसाठी तेवढेही उपयोगी. न उघडलेल्या साठ्यासाठी मात्र माठावर विसंबू नये.

वीज गेली की

१. घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहा. फ्रिजचे दार उघडू नका; ‘काय काय आहे ते पाहू’ म्हणून तर मुळीच नको.

२. फ्रिजमध्ये एक साधा थर्मामीटर कायम ठेवा. औषधांची जागा मधल्या कप्प्यात. दारात नको आणि बर्फाच्या भिंतीला टेकूनही नको.

३. चार तासांत वीज आली नाही तर औषधे थर्मासच्या रुंद तोंडाच्या डब्यात किंवा थर्माकोलच्या पेटीत हलवा. बर्फ आणि औषध यांच्यामध्ये जाड कापड असलेच पाहिजे.

४. बाजारातील मासळीचा बर्फ फक्त बाहेरून थंडावा देण्यासाठी, तोही बंद पिशवीत. तो सरबतात घालू नका.

५. चार तासांनंतर दूध, भात, वरण, मासे यांची परीक्षा चव घेऊन करू नका. खराब अन्नाला वास येतोच असे नाही.

६. रात्री-अपरात्री औषध कोणाच्या फ्रिजमध्ये ठेवता येईल, ते आजच ठरवून ठेवा. शक्यतो दुसऱ्या इमारतीतील घर निवडा, कारण आपल्या इमारतीची वीज गेली की शेजाऱ्याचीही जाते.

७. वीज परतल्यावर फ्रिज पाच-दहा मिनिटांनी सुरू करा. पहिल्या झटक्यात दाब कमी-जास्त होतो आणि कॉम्प्रेसरला त्याचा फटका बसतो.

सहावी सूचना वाचून कोणाचे नाव पटकन आठवले नाही, तर सौरपट्टीच्या चौकशीआधी त्या शोधाला लागावे. आज संध्याकाळी एक जिना उतरून समोरच्या इमारतीत चहाला जाणे पुरेसे आहे.

पुढील अंकात : घरातील प्राणवायू यंत्राची निगा आणि त्याचा वीजखर्च. वाचकांनी आपले अनुभव आणि प्रश्न जरूर कळवावेत. पत्रात रुग्णाचे वय आणि चालू औषधांची नावे लिहिल्यास उत्तर अधिक नेमके देता येते.